अकरा गेटं

पहिलं गेट चोरांसाठी होतं.
दुसरं टँकरसाठी,
म्हणजे गल्लीचं पाणी गल्लीतच जिरावं म्हणून.
तिसऱ्याचं कारण आठवत नाही.
कुलूप मात्र मीच बसवलं,
सात लिव्हरचं, पितळी, साडेनऊशे रुपये, पावतीसकट.

बनी तो बनी, नही तो परभणी,
म्हणायची जुनी माणसं.
नानलपेठेतून वसमत रोडला सायकलवर
बारा मिनिटं लागायची तेव्हाची गोष्ट.
आता सहा पास लागतात
आणि ओळखीचा एक माणूस,
तो मिळत नाही.

मी चावीवाला.
उरुसात सत्तारचाचाच्या पथारीवर कानस धरायला शिकलो.
चाचा म्हणायचे, चावी दोनदा घास.
एक गिऱ्हाइकाची, एक वरच्याची.
गिऱ्हाईक मेलं, हरवलं, येडं झालं
तर दार फोडायची पाळी येऊ नये कुणावर.
मी घासत गेलो.
माझ्या पलंगाखाली
दूध पावडरच्या डब्यात हे शहर आहे.

मे महिन्यात प्रयागबाई गेल्या, मंचकची माय.
मसणवटा अकरा गेटांपलीकडं.
मंचकनं अकरा कमिट्यांना मेसेज टाकला.
चौथ्या गल्लीनं विचारलं, माणसं किती?
सातवीनं, आजार कोणता होता?
नववीनं दर कळवला,
खाली हात जोडल्याचं चित्र.
बाकीच्यांच्या दोन निळ्या खुणा.

बर्फ मिळेना.
तिच्याभोवती वीस लिटरचे गार जार उभे केले,
प्यायच्या पाण्याचे.
कुणीतरी येऊन ते मोजून गेलं.

तिन्हीसांजेला मंचक माझ्या दारात.
बोलला काहीच नाही,
पलंगाकडं बघत राहिला.
त्याला कुणी सांगितलं काय की.
बायको म्हणाली, पाणी तोडतील आपलं.
मी म्हणलं, व्हय.
थोड्या वेळानं तिनंच डबा ओढून काढला.

रात्री दोनला निघालो.
केळीवाल्याचा गाडा, त्यावर म्हातारी,
मंचक, त्याचा मेव्हणा,
पुढं मी, चाव्यांना फडकं गुंडाळून.
पाचव्या गेटाचं कुलूप गंजलेलं,
खोबरेल सोडलं, फुंकर मारली, वाट बघितली.
सातव्या गल्लीत एका गच्चीवर लेकरू जागं होतं.
कोन हाय? म्हणालं.
मंचक म्हणाला, प्रयागबाई.
बरं, म्हणालं लेकरू
आणि कूस बदलून झोपलं.

अकरा गेटांत तेवढंच कुणी बोललं.

येताना एकेक कुलूप मी परत लावलं.
सवय.

सकाळी फोन सुरू झाले.
कॅमेऱ्यात गाडा दिसला होता, माणसं नुसती काळी.
नवीन कुलूप पाहिजे, आजच्या आज, महाग चालेल.
जुन्याची चावी कुणाकडं नव्हती ना हो?
मी म्हणलं, बघावं लागेल.
अठराशे लावले.
घेतले.
कामून घेऊ नये?
मंचकनं दिलेले मात्र परत केले,
त्याचं मला अजून बरं वाटतं, आणि लाजही वाटते
की बरं वाटतं.
रात्री बसून वरच्याची चावी घासली, दहा वेळा.

दहाच.
गेटं अकरा, फोन आले दहा.

आमच्या गल्लीनं कुलूप नांदेडहून मागवलं,
आकड्यांचं, बिनचावीचं.
आधी मला ग्रुपमधून काढलं,
मग सगळ्यांना आकडा कळवला.

आता संध्याकाळी कामावरून येतो,
सायकल भिंतीला टेकवतो, बेल दाबतो.
कोण? आतून आवाज येतो.
नाव सांगतो.
कोणाचे?
बापाचं नाव सांगतो.
काय काम काढलं?
घरी जायचंय, म्हणतो.

आवाज तातेरावचा आहे.
माझ्या समोरच राहतो.
गेल्या दिवाळीत त्याच्या कपाटाची चावी
फुकट करून दिली मी,
तेव्हा चहा पाजला होता त्यानं, आल्याचा.

थांबा जरा, तो म्हणतो,
विचारून सांगतो.